तंजावरची स्वस्त धार

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या दुकानांमध्ये बृहदीश्वराच्या देवळाची एक पांढरीशुभ्र प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवलेली दिसते. लांबून ती हस्तिदंताची वाटते. हातात घेतली की वजनच लागत नाही. ती असते भेंडाची. आपल्याकडे ज्या भेंडापासून नवरदेवाची बाशिंगं करतात तोच हा भेंड, तळ्यात आणि पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा गाभा. तमिळ लोक त्याला नेट्टी म्हणतात. तंजावरच्या नेट्टीकामाला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं.

या कामाची हत्यारं मोजकी आहेत. सुरी, कात्री आणि चिकटवायला डिंक. साल सोलायची, आतल्या गाभ्याच्या चकत्या, पट्ट्या, काड्या पाडायच्या आणि त्यांतून विमानाचे तेरा तळ, कोनाडे, नंदी, कळस उभे करायचे. भेंड इतका मऊ, त्याला कापायचं ते काय, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण धारेची खरी परीक्षा मऊ वस्तूच घेते. लाकूड सुरीला अडवतं, त्यामुळे थोडी बोथट सुरीसुद्धा जोर लावला की चालून जाते. भेंड अडवत नाही, दबतो. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीखाली फुटतो तसा तो चेपतो, कडेला तुसं निघतात, आणि पांढऱ्या रंगावर एकही चूक लपत नाही. म्हणून कारागीर सुरी पुन्हा पुन्हा दगडावर फिरवून घेतो. मी पाहिलेल्या सुऱ्यांवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. मुठी घामाने काळ्या पडलेल्या, पाती वर्षानुवर्षं पाजवून निम्मी झिजलेली, आणि धार अशी की भेंडाची चकती कागदासारखी पातळ उतरावी.

सुरी महाग होते ती मुठीने, नक्षीने आणि नावाने. धारेला लागतं ते चांगलं पोलाद, नीट दिलेलं पाणी आणि रोज पाजवणारा हात. या तिन्ही गोष्टी कावेरीच्या खोऱ्यात आजही थोडक्या पैशांत मिळतात, आणि तंजावरचा इतिहास पाहिला तर त्या कधीच फार महाग नव्हत्या. दरबारी शस्त्रांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. साध्या सुरीचं झालं नाही, आणि मला ते करावंसं वाटतं.

त्यासाठी आधी ग्रंथालयात जायला हवं.

सरस्वती महाल ग्रंथालयाशी मराठी वाचकाचं नातं जुनं आहे. नायक राजांनी सुरू केलेला हा संग्रह भोसल्यांनी वाढवला, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) त्याला आजचं रूप दिलं. १९१८ साली तो लोकांसाठी खुला झाला. तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत. शिवाय राजदरबाराच्या मोडी कागदपत्रांची १३४२ बाडं आहेत. पाहणारे अक्षरं पाहतात, चित्रं पाहतात. पण या संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक पानामागे एक छोटं पातं उभं आहे.

ताडपत्रावर शाईने लिहीत नाहीत, कोरतात. झाडावरून उतरवलेलं पान वाळवून, उकळून, घोटून तयार करायचं, एका मापात कापायचं, कडा सरळ करायच्या, दोरा ओवायला भोक पाडायचं. मग लोखंडी टोच्याने अक्षरं कोरायची आणि वर काजळी किंवा पानांचा रस चोळायचा, म्हणजे ती उठून दिसतात. या सगळ्यात टोच्याइतकंच काम सुरीला असतं. तमिळ साहित्याचे थोर संपादक उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी आपल्या आत्मचरित्रात या लोखंडी लेखण्यांचे प्रकार सांगितले आहेत. नवशिक्या पोरांसाठी जड गोल डोक्याची एक लेखणी असे. दुसऱ्या प्रकारात त्या डोक्याच्या जागी छोटं पातं असे, पान सोलायला आणि कापायला. तिसरा प्रकार मिटणारा. एका टोकाला टोचा, दुसऱ्या टोकाला पातं, आणि दोन्ही मुठीत मिटून ठेवायची. मूठ लाकडाची, शिंगाची नाही तर हस्तिदंताची.

म्हणजे आज चाकूच्या दुकानात ‘फिक्स्ड ब्लेड’ आणि ‘पॉकेट नाइफ’ अशा ज्या दोन पाट्या असतात, ते दोन्ही प्रकार तंजावर भागातल्या शिकल्यासवरल्या माणसाजवळ असत. तेही लेखणीच्याच अंगाने. हस्तिदंती मुठीच्या लेखणीने कोरलेलं पान कोणतं आणि लाकडी मुठीच्या लेखणीने कोरलेलं कोणतं, हे आज कुणालाही ओळखता येणार नाही. फरक पडला तो मालकाच्या ऐपतीत. पानावर तो उतरला नाही.

स्वामिनाथ अय्यरांचं गाव उत्तमदानपुरम्, पापनाशमजवळचं. त्या गावाच्या जन्माची हकीकतही त्यांनी दिली आहे आणि ती आपल्या लोकांची आहे. तंजावरच्या एका मराठा राजाने फिरतीवर असताना जेवणानंतर विडा खाल्ला, आणि मग लक्षात आलं की आज एकादशी. त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याने ब्राह्मणांना घरं बांधून दिली, विहिरी खणून दिल्या, आणि गाव वसलं. अय्यर जन्मले १८५५ साली. त्याच वर्षी दुसरे शिवाजीराजे वारले आणि तंजावरचं भोसल्यांचं राज्य कंपनी सरकारने खालसा केलं.

राजवाड्यातला मराठी कारकून ताडपत्रावर लिहीत नसे. त्याचं लिखाण कागदावर, मोडीत, बोरूने. बोरूलाही सुरी लागतेच. टोक तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची, आणि लिहून लिहून टोक मऊ पडलं की पुन्हा तासायचं. चीर एका बाजूला गेली तर शाई धड उतरत नाही, अक्षराची जाडी बिघडते. १३४२ बाडं मोडी लिहायला किती बोरू तासावे लागले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. एका वाड्यात, एका काळात, दोन लिप्या दोन निरनिराळ्या साधनांनी लिहिल्या जात होत्या, आणि दोन्हींच्या शेजारी बोटभर पात्याची सुरी पडलेली असायची. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार होत. डोळ्यांची चित्रं काढून ठेवलेली रुग्णांची टिपणं आजही ग्रंथालयात आहेत. तिथली शस्त्रक्रियेची हत्यारं ही या सुऱ्यांची श्रीमंत भावंडं.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. तंजावरच्या राजवाड्यात गूडगोपुरम् नावाचा आठ मजली मनोरा आहे. पहारा ठेवायला आणि शस्त्रागार म्हणून तो १८५५ पर्यंत वापरात होता. इथल्या कट्यारी जगभरच्या शस्त्रसंग्राहकांना ठाऊक आहेत. मुठीवर पोलादाची जाळी, हाताची पाठ झाकणारी पानासारखी ढाल, तिच्या कडेला याळी या काल्पनिक सिंहांची आणि मकरांची तोंडं. यांतल्या बऱ्याच नायकांच्या काळातल्या, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, आणि पुढे भोसल्यांच्या ताब्यात आलेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि चेन्नईच्या एग्मोरमधल्या सरकारी संग्रहालयात त्या पाहता येतात.

त्यांच्याकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. मूठ इथली, पण पातं पुष्कळदा युरोपातलं. नागपट्टणम आणि तरंगमबाडी ही बंदरं हाताशी होती. एकीकडे पोर्तुगीज आणि नंतर डच, दुसरीकडे १६२० पासून डेन. युरोपातल्या तलवारीचं पातं कापून कट्यारीला बसवणं ही दक्षिणेतली रूढ पद्धत होती. कारागिराची महिनोन्‌महिन्यांची मेहनत मुठीत जाई, पातं तयार येई. ही शस्त्रं सुंदर आहेत याबद्दल वाद नाही. पण त्यांची किंमत धारेची नव्हती.

राज्य गेल्यावर या शस्त्रागाराचं काय झालं ते मद्रास सरकारच्या सेवेतल्या एम. जे. वॉलहाउस यांनी १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त लिहून ठेवलं आहे. १८६०च्या दशकात संग्रह मोडीत काढला गेला. काही निवडक शस्त्रं संग्रहालयासाठी राखली, आणि बाकीची तोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकली. ज्या वर्षी हा लेख छापला गेला त्याच वर्षी इंग्रजांनी हिंदुस्थानात शस्त्रबंदीचा कायदा आणला. ते विकलेलं लोखंड कुठे गेलं याची नोंद नाही. पण त्या काळात भंगार लोखंडाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावचा लोहार. काही पाती कुठल्या ना कुठल्या भात्यासमोर पोहोचून त्यांचे विळे झाले असणार, असा माझा तर्क आहे. तसं झालं असेल तर मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मुठींचं.

लोहाराकडे जाताना लंडनला एक वळसा घ्यायला हवा, कारण दक्षिणेच्या पोलादाची साक्ष तिथे एका खिशातल्या चाकूने दिली होती. दक्षिण भारतात मुशीत पोलाद करण्याची विद्या फार जुनी. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडपाला घालून ती भट्टीत तापवत ठेवायची, आणि मग तळाशी पोलादाची वडी मिळायची. तमिळनाडूत इरोडजवळ कोडुमणल इथे आणि उत्तरेकडे मेल-सिरुवळूर इथे या उद्योगाच्या खुणा सापडल्या आहेत. अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अशा पोलादाचे नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. त्या तपासणीत जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या सुरीकाराने या पोलादाचा एक छोटा चाकू घडवला, लेखणी तासायचा. धार उत्तम पोलादाच्या तोडीची उतरली. पुढे याच स्टोडार्टने तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन १८२०च्या सुमारास पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले. नव्या पोलादाची परीक्षा घ्यायला सुरीकाराने तलवार निवडली नाही. लेखणीचा चाकू निवडला, कारण धार खरी की खोटी हे तिथे लगेच कळतं.

मुशीतल्या पोलादाचा तो उद्योग आता बंद पडला आहे. तंजावरच्या आसपासच्या पट्टरैत, म्हणजे लोहारशाळेत, पोलाद येतं ते ट्रकखालून. कमानपाटे. जड वाहनांच्या आसांवर बसवलेल्या, एकावर एक रचलेल्या त्या वाकड्या पट्ट्या. ट्रकचं आयुष्य संपलं किंवा पाटा तुटला की तो भंगारात किलोवर विकला जातो. तमिळनाडूत अरिवाळ म्हणजे कोयता-विळ्याच्या घराण्यातली जी हत्यारं आहेत, त्यांतली चांगली हत्यारं याच पाट्यांची. शिवगंगा जिल्ह्यातलं तिरुप्पाच्चेत्ती हे गाव तर अशा अरिवाळांसाठी साऱ्या राज्यात प्रसिद्ध आहे. आपल्याकडचे लोहार आणि घिसाडीही पाट्याचा कोयता वेगळा काढून दाखवतात आणि दोन पैसे जास्त मागतात. ते योग्यच मागतात.

कमानपाट्याचं पोलाद साधं नसतं. त्यात साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, सोबत सिलिकॉन किंवा क्रोमियम आणि मँगनीज. भरलेला ट्रक खड्ड्यात आदळला तरी पाटा वाकून पुन्हा सरळ व्हायला हवा, म्हणून कारखान्यात हे मिश्रण मापून-तोलून केलेलं असतं. जिवाचा प्रश्न असल्याने तिथे हयगय परवडत नाही. म्हणजे उत्तम दर्जाचं पोलाद तयार करण्याचा सगळा खर्च ट्रकच्या पहिल्या मालकाने भरलेला असतो, आणि लोहाराच्या हाती ते भंगाराच्या भावात पडतं. स्वस्त सुरी इतकी चांगली कशी, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर अंधारात आहे. पट्टरैत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पोलाद किती तापलं हे आसारी, म्हणजे तिथला लोहार, डोळ्यांनी ओळखतो, आणि उन्हात रंग दिसत नाही. पाटा छिन्नीने तोडायचा, नारिंगी होईपर्यंत तापवायचा, ऐरणीवर घणाखाली लांबवायचा, पाठ जाड आणि धार पातळ ठेवत पातं ओढायचं. हाताच्या भात्याची जागा आता बहुतेक ठिकाणी विजेच्या पंख्याने घेतली आहे. घण मात्र अजून माणूसच उचलतो. आपल्याकडे घिसाड्याच्या पालासमोर घण मारणारी बहुधा बाई असते, हे पाहिलेलं आठवत असेल. भाताच्या कापणीचा विळा असेल तर धारेला छिन्नीने बारीक दाते पाडायचे. मग कानस. आणि सगळ्यात शेवटी पाणी.

पाणी देणं हे या धंद्याचं मर्म आहे. पोलाद साधारण ७७० अंशांपाशी चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याच्या थोडं वर, लाल रंगावर, त्यातला कार्बन सगळीकडे सारखा विरघळतो. त्या क्षणी ते पाण्यात किंवा तेलात बुडवलं की कार्बन अडकून पडतो आणि पोलाद काचेसारखं कडक होतं, पण तितकंच ठिसूळही. मग त्याला पुन्हा हलकी ऊब द्यावी लागते. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग सरकताना दिसतात. आधी गवती पिवळा, साधारण २२० ते २३० अंशांवर. मग तपकिरी, जांभळा, आणि ३००च्या सुमारास निळा. सुरीला पिवळ्यावर थांबायचं, लाकूड तोडायच्या कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. मुरलेला कारागीर फक्त धारेकडची बाजू बुडवतो. पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडे येते आणि रंग आपोआप सरकत येतात. हवा तो रंग धारेवर आला की सगळं पातं पाण्यात. यात धार कडक राहते, पाठ मऊ राहते, आणि नारळाच्या करवंटीवर घाव बसला तरी पातं तुटत नाही. कारखान्यात यासाठी तापमान मोजणाऱ्या भट्ट्या लागतात. इथे दोन डोळे आणि वीस-तीस वर्षांची सवय लागते.

आसारी चुकतो तेव्हा काय होतं? फार तापवलं तर पोलादाचे कण मोठे होतात आणि धार तुकड्या-तुकड्याने झडते. कमी तापवलं तर धार दुमडते. या चुकांना वॉरंटीचा कागद नसतो, पण गिऱ्हाईक त्याच गावातलं असतं. शहाळीवाला, मासळीबाजारातली कोळीण, केळीची पानं कापणारा शेतकरी, सगळे पुढच्या हंगामात त्याच दारात धार लावायला येतात. बिघडलेलं हत्यार परत येतं, बोलणी खावी लागतात. त्या ओळखीच्या धाकात हातातून निघणारा माल चांगला राहतो, असं मला ठामपणे वाटतं.

मासळीबाजारात आणि स्वयंपाकघरात जे पातं दिसतं ते मात्र हातात धरायचं नाही. अरिवाळमनै म्हणजे आपली विळीच. पाटावर उभं केलेलं पातं, टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी, आणि पायाने दाबून दोन्ही हात मोकळे. साडेतीनशे वर्षांपूर्वी, तंजावरात भोसल्यांचं राज्य आणणाऱ्या व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेल्या मराठी कुटुंबांना तमिळ स्वयंपाकघरातल्या पुष्कळ गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या असतील. ही शिकावी लागली नसणार. आजही तिथल्या दक्षिणी मराठी घरांत विळी आहे, आणि तिचं पातं बदलायचं झालं की वाट त्याच पट्टरैकडे जाते.

स्वस्त आणि उत्तम ही जोडी जमवणारे लोक जगात इतरत्रही आहेत. स्वीडनमध्ये मोरा गावाच्या आसपास एकोणिसाव्या शतकापासून कामकऱ्यांच्या सुऱ्या होतात. साधी प्लॅस्टिकची किंवा लाकडी मूठ, आणि पात्याला दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप धरला जातो, त्यामुळे नवखाही ती पाजवू शकतो. फ्रान्समध्ये सावोईच्या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली मिटणारा चाकू केला. बीचच्या लाकडाची मूठ, पातं, खिळा, कडं, आणि १९५५ पासून पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी. एवढेच पाच भाग. दोन्हीकडे पोलादात काटकसर नाही. काटकसर आहे भागांच्या संख्येत आणि सजावटीत. ताडपत्रवाल्यांच्या मिटत्या लेखणीला पाहिलं तर तीही याच विचाराची. फरक एवढाच की सावोईतल्या चाकूला नाव मिळालं, पेटंट मिळालं, जगाची बाजारपेठ मिळाली. आपल्या मिटत्या लेखणीचा धंदा ताडपत्राबरोबरच संपला, आणि ती खिशात ठेवण्याजोगी सुरी म्हणून पुढे चालवावी असं कुणाला सुचलं नाही. आज तंजावरात खिशातला चाकू मागितला तर दुकानदार बाहेरून आलेला पत्र्यासारखा हलका माल पुढे करतो. मला ही मोठी हानी वाटते.

पट्टरैचीही हानी चालू आहे. कावेरीच्या खोऱ्यात कुरुवै आणि सांबा या हंगामांच्या कापणीला आता यंत्रं उतरतात. दातेरी विळा हे एके काळी लोहाराचं हंगामी उत्पन्न होतं, ते आटलं. उरली आहेत ती कोयते, विळ्या, खुरपी, छिन्न्या आणि दुरुस्तीची कामं. त्यात कायद्याची छाया आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा वर्ग आहे, मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. तमिळनाडूत लांब अरिवाळ खून-मारामाऱ्यांत वापरले जातात हे खरं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या पोलिसांनी लोहारांना आणि विक्रेत्यांना सूचना दिल्या. माल शेतीच्या आणि घरच्या कामासाठीच विकायचा, आणि गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन वहीत लिहायचा. पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. वही ठेवायला हरकत नाही. पण गुन्हेगाराचा संशय घडवणाऱ्यावर येऊ लागला की पुढची पिढी ऐरणीपासून लांब जाते, आणि ती तशीही जातेच आहे. ज्या प्रदेशात गावाबाहेरच्या करुप्पसामी या राखणदेवाच्या हातात अरिवाळ असतो आणि नवस फेडायला लोक त्याला अरिवाळच वाहतात, तिथे ही वेळ यावी याची खंत वाटते. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, तिथे पुस्तकं आणि हत्यारं एकाच चौरंगावर मांडतात. सरस्वती महालाच्या गावात हे किती साजून दिसतं ते जाऊन पाहावं.

जाल तेव्हा सुरी जरूर घ्या, पण पारखून. बाजारात काळा रंग मारलेल्या साध्या लोखंडाच्या पट्ट्याही पाट्याचं पोलाद म्हणून विकल्या जातात. ओळखायला फार विद्या लागत नाही. धारेवर बारीक कानस हलकेच ओढावी. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पातं मऊ आहे, पाणी दिलेलंच नाही. काचेवरून सरकल्यासारखी सटकली तर पातं फार कडक आहे, नंतरची हलकी ऊब दिलेली नाही, तुकडा उडेल. किंचित चावून सरकली तर घ्या. पाठीला नखाने टिचकी मारली की स्वच्छ नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर आत भेग असू शकते. तुटलेल्या पाट्यात अशा भेगा असतात, आणि चांगला आसारी तुटलेल्या जागेजवळचा तुकडा वापरत नाही. पात्याकडे टोकावरून एक डोळा मिटून पाहावं, ते सरळ असावं. मूठ चकचकीत नसली तरी चालेल, हलता कामा नये. सहा इंचांच्या आतलं पातं घरकामाला पुरे होतं. आणि शक्य असेल तर तयार माल न उचलता आपल्या कामासाठी करून मागावी. काय कापणार, उजव्या हाताने की डाव्या, हे आसारी विचारेल. किंमत तरीही काही शे रुपयांच्याच घरात राहील. विमानाने परतणार असाल तर ती सामानात द्यावी लागते, हातात नेता येत नाही.

घरी आल्यावर एक वेगळी सवय लावून घ्यावी लागेल. स्टेनलेसमध्ये क्रोमियम भरपूर असतं म्हणून ते गंजत नाही, पण स्वयंपाकघरांत येणाऱ्या स्वस्त स्टेनलेस सुऱ्यांत कार्बन कमी असतो आणि धार टिकत नाही. पाट्याची सुरी उलट आहे. धार टिकते, पण ओली ठेवली की रात्रीत तांबारते. काम झालं की धुवायची, लगेच पुसायची, आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. मशीनवर धार लावून घेऊ नका. तिथे ठिणग्या उडतात तेव्हा धार निळी पडते आणि आसाऱ्याने दिलेलं पाणी उतरतं. साधा निसणा पुरतो. पाणी टाकायचं, पातं दगडाला पंधरा-वीस अंशांवर टेकवायचं, दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं. पहिल्या काही आठवड्यांत चिंच, कांदा, लिंबू लागून पातं राखाडी-काळं होईल. ते घासून पांढरं करायचा मोह होतो. करू नका. तो थर बसला की गंज कमी चढतो.